९ दुकानं, १ गोदाम: मध्यवर्ती बिलिंग आणि स्टॉकची रचना कशी ठरवावी?

डेपो_मिरज: प्लंबिंग-हार्डवेअरचा घाऊक आणि किरकोळ व्यवसाय, प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल ३० कोटी. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ९ दुकानं, मिरजेत गोदाम. दुकानागणिक रोज १२० बिलं, बिलात सरासरी ८ ओळी. आज प्रत्येक दुकानाचं अकाउंटिंग वेगळं, त्यामुळे कुठे किती माल आहे ते संध्याकाळी फोनवर कळतं. व्हेंडरने १४ मायक्रोसर्व्हिसेस (स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्राम) आणि ते सांभाळणाऱ्या कुबरनेटीज या प्रणालीचा प्रस्ताव दिलाय. दोन-तीन दुकानांत नेट वारंवार जातं. रचनेत आधी काय ठरवायचं?

कृष्णाकाठ: आधी आकडेमोड करा. रोज १०८० बिलं, दुकान १० तास उघडं, म्हणजे मिनिटाला २ सुद्धा नाहीत. दिवाळीत पाचपट गर्दी धरली तरी ९-१०. वर्षाला साधारण २६ लाख ओळी. एवढं काम एक नीट बांधलेलं ॲप्लिकेशन आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस सहज ओढतं. १४ सर्व्हिसेस घेतल्या तर बिल एकीकडे नोंदवलं आणि स्टॉक दुसरीकडे वजा व्हायचा राहिला, असे घोळ निस्तरायला कायमचा माणूस लागेल. एकाच ॲपमध्ये बिलिंग, स्टॉक, खरेदी असे कप्पे पाडा आणि एका कप्प्याने दुसऱ्याच्या टेबलला थेट हात लावायचा नाही, हा नियम पाळा. पुढे गरज पडली तर एखादा कप्पा वेगळा काढता येतो.

खरा निर्णय वेगळाच आहे: कुठल्या माहितीचा मालक कोण? आयटम आणि दर फक्त मुख्य कार्यालयात बदलतील. दुकानातल्या मालाची नोंद त्या दुकानाची. शिल्लक आकडा म्हणून साठवू नका. प्रत्येक आवक-जावक साठवा आणि शिल्लक त्यातून काढा. नेट परत आल्यावर दोन आकड्यांपैकी खरा कुठला, हा वाद मग उरत नाही.

जीएसटी_खिडकी: नेट जाणार हे धरून बिलनंबर आखा. नंबर मध्यवर्ती सर्व्हरकडून घ्यायचा ठरवलात तर नेट गेलं की काउंटर ठप्प. दुकानागणिक वेगळी मालिका कायद्यात चालते. नंबर १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा. दुकानाचा २ अक्षरी कोड, वर्षाचे ४ अंक, ६ अंकी क्रमांक, मिळून १२.

किरकोळ ग्राहकाचं बिल ऑफलाइन निघेल. जीएसटी नंबर असलेल्या ग्राहकाचं नाही, कारण तुमच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे आणि आयआरएनशिवाय, म्हणजे त्या नोंदणीच्या क्रमांकाशिवाय, ते बिल बिलच धरलं जात नाही. म्हणून त्या दुकानांत दुसऱ्या कंपनीच्या सिमचा ४जी राउटर ठेवा.

सगळ्यात जास्त फसतं ते इथे: पोर्टलला विनंती पोचते, उत्तर येण्याआधी लाइन तुटते, प्रोग्राम नवा नंबर टाकून पुन्हा पाठवतो. एकाच विक्रीची दोन बिलं. आयआरएन तुमचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर यांवरून बनतो, म्हणून तोच नंबर पुन्हा पाठवा. आधी नोंद झाली असेल तर २१५० ही डुप्लिकेटची चूक येईल. तिला अपयश समजू नका, आधीचा आयआरएन मागवून घ्या. रद्द करायला २४ तासच मिळतात आणि रद्द केलेला नंबर पुन्हा चालत नाही.

डेपो_मिरज: मालकीचा मुद्दा पटला. बॅकअप आणि सुरुवात कशी करावी?

कृष्णाकाठ: "किती मिनिटांची नोंद गेली तर चालेल" आणि "किती वेळात पुन्हा उभं राहायचं" हे दोन आकडे मालकांकडून लेखी घ्या. ५ मिनिटं आणि ४ तास म्हणाले, तर रात्री पूर्ण प्रत, शिवाय पोस्टग्रेसच्या वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या) दर ५ मिनिटांनी दुसऱ्या जागी. महिन्यातून एकदा ती प्रत रिकाम्या मशिनवर उभी करून घड्याळ लावा, नाहीतर ४ तास हा नुसता अंदाज. कंपनी असल्यामुळे हिशेबाची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर हवी, आणि बदलांची नोंद बंद करता येणार नाही असं सॉफ्टवेअर लागतं.

१ एप्रिलचा हट्ट नको, तेव्हा अकाउंटंट वर्षअखेरीत बुडालेले असतात. मालिका दुकानागणिक असल्याने मधूनही एकेक दुकान आणता येतं. त्याआधी आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, साफ करा. अर्धा इंची एल्बो तीन नावांनी, कुठे नगावर तर कुठे बॉक्सवर, हे तसंच आत गेलं तर पहिल्याच दिवशी स्टॉक खोटा दिसेल. एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड) ६ अंकी, मूळ एकक एकच, बॉक्समध्ये किती नग ते वेगळ्या रकान्यात.