लहानपणीच्या त्रासाचा बीपीशी संबंध असतो का? मदत हवी आहे

रानजाई:
गोळी चालू आहे तरी खालचा आकडा शंभराच्या खाली यायला तयार नाही. काल नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "लहानपण कसं गेलं?" तो उठून बाहेर जाऊन बसला. मला म्हणाल्या, लहानपणी फार सोसलं असेल तर पुढे शरीराला भोवतं. खरं आहे का हे? असेल तर आता करायचं काय? कृपया लवकर सांगा.

पाटीलभाऊ:
तो म्हणजे कोण? नवरा, भाऊ, मुलगा? वय? कुठली गोळी?

सुगरणमावशी:
रोज अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या द्या. पापड-लोणचं बंद. माझ्या जावेला गुण आला.

रोखठोक:
मार आम्हीही खाल्लाय, मास्तरांचा आणि वडिलांचाही. आता बीपीचं खापरही आईबापांवर फोडायचं का?

डॉ_निवांत:
रोखठोक, एखादा रट्टा वेगळा आणि वर्षानुवर्षं घरात जीव मुठीत धरून राहणं वेगळं. सॅन डिएगोला डॉ. फेलिटी लठ्ठपणाचा दवाखाना चालवत. वजन छान उतरत असलेले पेशंटच मधेच सोडून जायचे. खोलात गेल्यावर अनेकांच्या बालपणीचे अत्याचार समोर आले. पुढे त्यांनी आणि डॉ. आंडा यांनी १७ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, पहिला निबंध १९९८ चा. मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड अशा चार किंवा जास्त गोष्टी सोसलेल्यांत हृदयविकार सुमारे दुप्पट आढळला. सतत धास्तीत राहिलं की कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं तंत्र बिघडतं, शरीरात बारीक सूज राहते, झोप जाते. त्यात तंबाखू-दारूची भर पडते.

वाटसरू:
आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांचं कामही बघा. आईच्या पोटात असतानाच कुपोषण झालं की बाळ वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त, आणि पुढे मधुमेहाचा धोका. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेल्या बायकांच्या मुलांचं कुणी मोजलं असेल का?

पाटीलभाऊ:
दुष्काळाचा वेगळा धागा काढा. ताई, वय सांगा आधी.

रानजाई:
धाकटा भाऊ आहे, ३४. अम्लोडिपिन ५. वडील प्यायचे, आईला आणि त्याला मारायचे. मी मामाकडे होते. अजूनही रात्री फाटकाची कडी वाजली की त्याचा घास हातातच राहतो. वडील जाऊन किती वर्षं झाली.

डॉ_निवांत:
हे आधी लिहायला हवं होतं. ३४ व्या वर्षी एवढं बीपी म्हणजे सगळं बालपणावर टाकून मोकळं होऊ नका. किडनीची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवी, थायरॉइड झालंय का? घोरतो का? अंगदुखीच्या गोळ्या घेतो का? पाहणीतले आकडे समूहाचे असतात. एकट्याचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं, हे आंडा यांनीच बजावलंय.

साधक:
इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करू द्या. मी माणसात आलो.

डॉ_निवांत:
साधक, तुम्हाला लाभलं, आनंद आहे. पण ज्याच्या मनात असं काही दबलंय त्याला एकदम दहा दिवस मौनात बसवणं जड जाऊ शकतं. आधी समुपदेशक. मानसिक मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाळू_इलेक्ट्रॉनिक्स:
बीपीचं मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको.

रानजाई:
मशीन आहे. घोरतो, खूप. किडनीचं काहीच केलेलं नाही. पण तो त्या बाईंकडे पुन्हा यायलाच तयार नाही, त्याचं काय करू?

रोखठोक:
ताई, मघाशी मी घाईने बोललो. तुम्ही आधी एकट्या जाऊन त्यांना सगळं सांगा. पुढच्या वेळी फक्त बीपी आणि तपासण्यांचंच बोला, बाकीचं तो विषय काढेल तेव्हा, असं ठरवून घ्या. आणि हे त्यालाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो येईल.