जुन्या पिकअपला ट्यूनर: काल दिलेल्या सल्ल्याला उत्तर

होटगी रोडचा मिस्त्री
काल एका सदस्याने येथे सल्ला दिला की, चार लाख किलोमीटर झालेल्या पिकअपलाही इंजिनाची ताकद वाढवणारा ट्यूनर बिनधास्त बसवावा. घाटात ओढ वाढते, मायलेज सुधारते आणि इंजिनाला काडीचाही धोका नसतो. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहून गप्प बसवले नाही.

ट्यूनर या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक असते डबी. ती रेल प्रेशर सेन्सरच्या, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये जोडतात. ती ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे भासवते आणि तो बिचारा आधीच हजार बारच्या पुढे असलेला दाब आणखी वाढवतो. दुसरा असतो रिमॅप, म्हणजे ईसीएममधला प्रोग्रामच बदलणे. ताकद मात्र दोन्हींत येते ती जास्त डिझेल जाळूनच. कंपनीने इंजिनात राखून ठेवलेली जी शिल्लक असते तीच येथे खर्च होते, आणि चार लाखांनंतर इंजेक्टरचा रिटर्न (न जळता परत जाणारे डिझेल) वाढलेला, टर्बोच्या शाफ्टला प्ले आलेला (तो झिजून हलू लागलेला) आणि रेडिएटर अर्धा चोंदलेला असताना ती शिल्लक उरलेली असते कोठे? एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार असताना भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर चढवली, तर पिस्टनवर किती उष्णता येते याचा विचार करावा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ज्वालेचे तापमान त्याच्या कितीतरी पुढे असते.

सांगोल्याचा पिकअपमालक
मिस्त्रीसाहेब, आपला अनुभव मोठा आहे, परंतु मीटरवरचा आकडा पाहून इंजिनाचे वय ठरवण्याची ही पद्धत मला मान्य नाही. गल्लीबोळांत थांबत-चालत ऐंशी हजार किलोमीटर केलेल्या गाडीपेक्षा महामार्गावर एका वेगाने तीन लाख केलेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी कितीतरी निरोगी असते. माझी गाडी सांगोल्याहून नवी मुंबईतल्या वाशीला डाळिंब नेते. मी आधी कॉम्प्रेशन तपासले, चारही इंजेक्टर डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून नव्यासारखे करून घेतले आणि मगच बेताचा रिमॅप केला. आज परतीच्या वाटेवर बोरघाटात जेथे दुसरा गिअर लागत असे, तेथे गाडी तिसऱ्यावर चढते आणि धूरही दिसत नाही. मिस्त्री लोकांना इंजिन उघडल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

होटगी रोडचा मिस्त्री
इंजेक्टर नवे केल्यावर गाडी ओढायला लागली, याचे श्रेय ट्यूनरला कसे देता येईल? रिमॅप करण्यापूर्वी नुसत्या नव्या इंजेक्टरवर हाच घाट चढून पाहिला होता काय? मायलेजचेही तसेच आहे. डबी लावलेल्या गाडीत ईसीएमलाच दाब चुकीचा कळत असल्याने डिझेलचा हिशेब तो कमी धरतो आणि मीटरवरचे ॲव्हरेज फुगते. टाकी फुल्ल ते फुल्ल मोजल्याशिवाय कोणीही मायलेजचे बोलू नये.

मोहोळचा कांदा उत्पादक
आपण दोघेही मूळ रोग सोडून बोलत आहात. दीड टन पासिंगच्या गाडीत तीन टन माल भरल्यावर ती ओढत नाही, म्हणून ट्यूनर हवा असतो. गेल्या हंगामात मी भाड्याने घेतलेल्या अशाच एका ‘ताकद वाढवलेल्या’ पिकअपची क्लच प्लेट लांबोटीजवळ जळाली, आणि माझा कांदा सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात पोहोचला तेव्हा लिलाव उरकलेले होते. ताकद वाढवल्याची फुशारकी भाडे ठरवताना ऐकली. नुकसान भरून देण्याची भाषा मात्र नंतर ऐकू आली नाही.

सांगोल्याचा पिकअपमालक
दादा, ओव्हरलोड ही आमची हौस आहे असे वाटते काय? भाडे ठरते पिशवीवर. दीड टन भरून निघालो तर डिझेल, टोल आणि बँकेचा हप्ता वजा जाता हातात काही उरत नाही. ‘अजून दहा पिशव्या सहज बसतात’ असे बांधावर उभे राहून म्हणणारे कोण असतात, तेही एकदा प्रामाणिकपणे लिहावे. पकडले गेल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार दंड भरण्याची वेळ येते, तेव्हा शेतकरी दादांचा फोन बंद असतो.

मोहोळचा कांदा उत्पादक
दहा पिशव्या आम्ही म्हणतो, कारण दुसरी गाडी करण्याइतका भाव कांद्याला मिळत नाही. परंतु कमानीला (मागच्या स्प्रिंगला) जादा पाटे टाकून ‘काका, काळजी करू नका’ असे म्हणणारा शेतकरी नसतो. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. आपण वर चढण्याचेच बोलत आहात. तीन टन घेऊन तुळजापूरचा घाट उतरताना ट्यूनर कोणत्या कामाला येतो?

बीएस-सहावाला
भांडण रंगले आहे, तरी एक मुद्दा राहून गेला. एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-सहा प्रदूषण निकषांच्या डिझेल पिकअपमध्ये जादा डिझेल जाळले की काजळी वाढते आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो. मग तोच काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला आल्यावर बदल का केला हे सांगत बसण्यात अर्थ नसतो.

होटगी रोडचा मिस्त्री
ब्रेकबद्दल दादा बोलले ते शंभर टक्के खरे आहे. रिमॅपला माझा सरसकट विरोध नाही, एवढे सांगोलेकरांच्या समाधानासाठी लिहितो. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट ठीक असेल, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा वायू) नसेल, क्लच सरकत नसेल आणि एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मीटर बसवले असेल, तर जाणकाराने केलेला बेताचा रिमॅप जुनी गाडीही सोसते. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत असे इंजिन क्वचितच दिसते. डबी मात्र मी कोणाच्याही गाडीला लावणार नाही.

सांगोल्याचा पिकअपमालक
म्हणजे मी जे केले तेच आपण चार ओळींत लिहून, वर उपकार केल्यासारखे मान्य केलेत, आभारी आहे. इंजेक्टरचा मुद्दा मीही तूर्त सोडून देतो, कारण मधल्या काळात घाट चढलो नव्हतो. परंतु ओव्हरलोडचे खापर एकट्या गाडीवाल्याच्या माथी फोडू देणार नाही. मोहोळच्या दादांनी पुढच्या हंगामात वजनकाट्याची पावती घेऊन दीड टनच भरावे आणि भाडे पूर्ण गाडीचे द्यावे. पाटे मी त्याच दिवशी उतरवतो.

मोहोळचा कांदा उत्पादक
पूर्ण गाडीचे म्हणजे किती, तो आकडा येथे सर्वांसमोर लिहा. मग बोलू.