मोटारसायकलवरचं जीपीएस: सेल्फ मारला की बंद पडतं, पावसात चार्जिंग जातं

सह्यवाट
गाडी ३५० सीसी, बॅटरी ८ एएच (अँपिअर-अवर). जीपीएस युनिट हँडलवर बॉल माउंटने बसवलंय आणि क्रेडलची (युनिट बसतं त्या चार्जिंगच्या खोबणीची) वायर हेडलाइटच्या वायरला मध्येच जोडून टॅप केलीय. तीन अडचणी आहेत. सेल्फ मारला की ‘बाहेरचा पुरवठा तुटला’ असा मेसेज येतो, कधी कधी युनिट पूर्ण बंदच होतं. जोराचा पाऊस लागला की चार्जिंग जातं. आणि मुंबई–पुणे टाकलं की हटकून द्रुतगती मार्गावर घालतं. फोन वापरायचा नाहीये. घाटात रेंज नसते, आणि ओल्या हातमोज्यांनी त्याचा स्क्रीन ऐकत नाही.

तारजोड
पहिल्या अडचणीचं मूळ त्या टॅपमध्येच आहे. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरताना हेडलाइटचा पुरवठा मुद्दाम तोडलेला असतो, म्हणजे स्टार्टरला पूर्ण करंट मिळतो. तुमचं क्रेडल त्याच वायरवर, म्हणून तेही मरतं. हेडलाइटचा टॅप काढा आणि रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) लावा.

साधा चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्या. बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरचा फ्यूज घालून वायर ३० नंबरच्या पिनेला द्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. तो पुढे हँडलजवळ लावला, तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही आणि टाकीखाली घासली की थेट शॉर्ट. ८७ वरून २ अँपिअरच्या फ्यूजने क्रेडलला. ८५ अर्थला (मायनसला). ८६ ला ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारा पुरवठा, तो पार्किंग किंवा टेल लॅम्पच्या वायरवरून घ्या. क्रेडलचा अर्थ सांगाड्याच्या रंगावर न लावता थेट बॅटरीच्या मायनसला न्या.

तरी एक लक्षात घ्या. सेल्फ फिरताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर १० च्या आसपास उतरतंच, रिले ते थांबवत नाही. एवढ्या वेळापुरतं युनिट स्वतःच्या आतल्या बॅटरीवर चाललं पाहिजे. रिले लावूनही ते बंद पडत असेल तर आतला सेल संपलाय, तो बदलायचा. खात्री करायला क्रेडल काढून युनिट पूर्ण ब्राइटनेसवर चालवून बघा. दहा मिनिटंही टिकलं नाही, तर वायरिंगमध्ये दोष शोधत बसू नका.

कोकणरस्ता
पावसाचं सांगतो. क्रेडलच्या पिनांवर पाणी साचलं आणि पुरवठा चालू असला की प्लसची पिन हिरवी पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. वरचा सोन्याचा मुलामा गेला की पिन दर पावसाळ्यात गंजेल. मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. ते वीज वाहून नेत नाही, त्यामुळे जाड थापलं तर संपर्कच तुटतो.

वायर क्रेडलमधून निघाली की आधी खाली वळवून एक झोल ठेवा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकेल आणि कनेक्टरमध्ये उतरणार नाही. सगळे जोड सोल्डर नाहीतर नीट क्रिम्प करून (दाबून) त्यावर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). काळी चिकटपट्टी एका पावसात सुटते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना तेही बघा.

युनिटवर आयपीएक्स७ (पाणीरोधाचं मानांकन) लिहिलं असेल तर त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, एवढाच. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरला तो लागू नाही. धुवायला देताना युनिट काढून न्या.

माउंटचे स्क्रू एकदा काढून निळ्या लॉकटाइटने (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाने) बसवा. भोकांचं अंतर ३० × ३८ मिमी असेल तर ती एएमपीएस नावाची प्रमाणित बैठक, तिची प्लेट सहज मिळते. माउंटच्या दोन बॉलना जोडणारा हात जितका आखूड तितकी थरथर कमी. सिंगल सिलिंडरवर लांब हात लावला की आधी पिना सैल होतात, मग चार्जिंग येतं-जातं, आणि माणूस पावसाला दोष देत बसतो.

नकाशावेडा
द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, वांद्रे–वरळी सागरी सेतू, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. युनिट कार मोडमध्ये असेल तर त्याला ते कळणारच नाही. मोटारसायकल मोड असला तरी नकाशात ती बंदी भरलेली असेल तरच उपयोग. ‘टोल टाळा’ने काम भागवू नका, त्याने चांगले महामार्गही गळतात. मार्ग घरीच आखा आणि खोपोली, लोणावळा असे मधले बिंदू जुन्या महामार्गावर टाका. बिंदू टाकताना नकाशा पूर्ण झूम करा. दुभाजकाच्या पलीकडच्या लेनवर पडला, तर युनिट पुढच्या फटीतून यू-टर्न घ्यायला लावतं.

घाटवाटांसाठी रूट न भरता ट्रॅक भरा. रूट म्हणजे फक्त काही बिंदू, मधला रस्ता युनिट स्वतःच्या नकाशावरून पुन्हा ठरवतं. ट्रॅक म्हणजे आखलेली रेघ, ती बदलत नाही. सोबत ‘आपोआप पुन्हा मोजणी’ बंद ठेवा. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद असतो, ते युनिटला माहीत नसतं, म्हणून ताम्हिणीचा दुसरा ट्रॅक आधीच भरलेला असू द्या.

सह्यवाट
धन्यवाद. रिलेऐवजी क्रेडल फ्यूज घालून थेट बॅटरीला दिलं तर? आणि जादा एलईडी दिवे लावले की सॅटेलाइट सिग्नलच्या रेघा कमी होतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

तारजोड
थेट देऊ नका. काही क्रेडल युनिट काढल्यावरही थोडा करंट ओढतात. समजा २० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा एएच. तुमची ८ एएचची बॅटरी पंधरवड्यात रिकामी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी दगा देईल. मल्टिमीटर प्लसच्या वायरमध्ये सीरिजला लावून मोजून घ्या.

एलईडीचा संबंध आहे. स्वस्त दिव्यांच्या ड्रायव्हरमधून (दिव्याला करंट पुरवणाऱ्या सर्किटमधून) आणि स्वस्त यूएसबी चार्जरमधूनही रेडिओ गोंगाट निघतो, त्यात जीपीएसचा क्षीण सिग्नल बुडतो. सॅटेलाइटचं पान उघडून एकेक गोष्ट बंद करत जा, रेघा कधी वाढतात ते बघा. दोषी सापडला की त्याची वायर युनिटच्या वायरपासून वेगळ्या बाजूने न्या आणि ड्रायव्हरजवळ फेराइट कोर (गोंगाट शोषणारं वायरवरचं कडं) चढवा. तरी फरक पडला नाही तर तो दिवा बदला.