पक्षाघातानंतर मेंदूला चुंबक : आधी मोजा, मग उपचार विका

स्नायुबंध (धागालेखक)

पक्षाघात झालेल्या माणसाच्या घरी आजकाल फिजिओथेरपीच्या जोडीला आणखी एक नाव कानावर पडतं, टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन). डोक्याजवळ कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं, धरून टकटक आवाजात चुंबकीय झटके द्यायचे आणि लुळा हात सुधारेल म्हणून वाट पाहायची. बरेचदा सेशनचं पॅकेज असतं आणि पैसे आधी भरावे लागतात. माझं मत असं की हाताच्या बाबतीत या तंत्राने खात्रीने जे करून दाखवलंय ते मोजमाप आहे. आपल्याकडे विकला जातो तो मात्र उपचार.

१९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट वीज देऊन माणसाचा हात हलवून दाखवला होता, पण तो झटका दुखायचा. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तेच चुंबकाने केलं. कॉईलमधून एका मिलिसेकंदाहून कमी वेळ जबर प्रवाह सोडायचा. त्यातून दीड-दोन टेस्लाचं क्षेत्र उठतं, ते हाडाला अडत नाही आणि आत मेंदूच्या पृष्ठभागावर वीज उपजते. मुळाशी फॅरडेचा १८३१ चा शोध आहे. हाताच्या भागावर कॉईल बरोबर बसली की सुमारे २० मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूची तर्जनी उडते आणि ईएमजीवर, म्हणजे स्नायूतली वीज नोंदवणाऱ्या यंत्रावर, लहर उमटते.

भिंतीतली तार जिवंत आहे का हे वायरमन टेस्टर लावून बघतो, तसंच हे. लहर उमटली तर मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता निदान थोडा तरी शाबूत आहे. ऑकलंडमध्ये कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने यावर पद्धत बसवली. तिसऱ्या दिवसापर्यंत खाटेपाशीच खांदा बाजूला उचलणं आणि बोटं सरळ करणं या दोन हालचालींना प्रत्येकी ५ पैकी गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा जास्त आली तर चुंबकाची गरजच नाही. कमी आली तरच पहिल्या आठवड्यात टीएमएस लावून लहर येते का पाहायचं. तीन महिन्यांनी हात कुठवर येईल याचा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला.

पॅकेज घेतलेल्या कितीजणांना विचारलं गेलं, की तुमच्या लुळ्या हाताची लहर येते का?

हालचाल

असहमत. मी फिजिओ आहे, न्यूरो रुग्णांतच काम करते. युरोपातल्या तज्ज्ञांची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं तुम्ही सोडून दिलीत. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काळात, चांगल्या बाजूच्या मेंदूवर कमी वारंवारतेचे झटके दिल्यास हाताची हालचाल सुधारते, या विधानाला त्यांनी ‘अ’ दर्जा दिला आहे, म्हणजे परिणाम निश्चित. हे कुणा क्लिनिकचं जाहिरातपत्रक नाही. मग ‘फक्त मोजमाप’ कसं म्हणता?

त्यामागे विचारही आहे. मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांना दाबत असतात. एक बाजू दुखावली की दुसरी तिला जास्तच दाबते. चांगल्या बाजूला सेकंदाला एक झटका देऊन थोडं शांत केलं की दुखऱ्या बाजूला वाव मिळतो.

स्नायुबंध

हालचालताई, तो दर्जा मला माहीत आहे. पण तो बहुतांशी लहान लहान चाचण्यांच्या बेरजेवर उभा आहे. नेमका हाच उपचार मोठ्या प्रमाणावर तपासला तेव्हा काय झालं? अमेरिकेतली नीश चाचणी, निकाल २०१८ चा, १९९ रुग्ण. सगळ्यांना हाताचे व्यायाम दिले. काहींना खरे झटके, बाकीच्यांना खोटी कॉईल, म्हणजे झटक्यांचा नुसता देखावा. आधी ठरवून ठेवलेल्या मापाइतकी सुधारणा सहा महिन्यांनी खऱ्या गटात ६७ टक्के लोकांत दिसली आणि खोट्या गटात ६५ टक्के लोकांत. सुधारणा झाली, पण ती झटक्यांमुळे झाली असं म्हणता येत नाही. पुढे त्या खोट्या कॉईलबद्दल शंका निघाली, म्हणून वेगळी कॉईल घेऊन पुन्हा चाचणी केली. तिथेही फरक निघाला नाही.

हालचाल

नीशमधले रुग्ण पक्षाघाताला ३ ते १२ महिने झालेले होते. ‘अ’ दर्जा त्याच्या आधीच्या काळासाठी आहे. उशिरा आलेल्या रुग्णांवरून लवकर येणाऱ्यांचा न्याय करू नका. आणि ६५ टक्क्यांकडेही नीट बघा. नुसता चिकाटीचा व्यायाम इतकं देतो! १९९५ मध्ये मेंदूसंशोधक पास्कुआल-लेओने यांनी पियानो न येणाऱ्या लोकांकडून पाच दिवस बोटांचा सराव करून घेतला, तेव्हा बोटांचा मेंदूतला नकाशा, म्हणजे बोटं हलवणारा भाग, पसरलेला दिसला. नुसता मनातल्या मनात सराव केलेल्यांचाही पसरला. तो नकाशा याच चुंबकाने काढला होता. सरावाचं बळ या तंत्रानेच दाखवून दिलं, हे मला मान्य आहे. पण सरावाला झटक्यांची जोड द्यायचा मार्ग बंद झाला, हे मान्य नाही.

अबोली

मी परदेशात अशाच एका प्रयोगशाळेत काम करते. दोघांनाही एक सांगायचं आहे, कारण ही गोष्ट घरच्यांपर्यंत पोचत नाही.

सगळे उपचार ‘अमुक वारंवारता दाबते, तमुक वारंवारता चेतवते’ या गृहीतावर चालतात. २००५ मध्ये लंडनच्या गटाने थीटा-बर्स्ट पद्धत मांडली, म्हणजे झटके भराभर झुबक्यांनी द्यायचे. ६०० झटके सलग ४० सेकंदांत दिले तर लहर लहान होते, तेच थांबून थांबून सुमारे तीन मिनिटांत दिले तर मोठी होते. फार सुंदर काम होतं ते, आम्ही सगळे त्यावरच शिकलो. पण २०१३ मध्ये ५२ निरोगी लोकांवर तेच केलं, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य आला. कुणाची लहर वाढली, कुणाची घटली. कॉईल कुणाच्या मेंदूत कोणत्या पेशी आधी जागवते, यावर बरंचसं अवलंबून होतं. निरोगी तरुणांतच असं असेल तर पक्षाघाताच्या रुग्णाला एकच ठरावीक मात्रा देणं मला पटत नाही.

हालचालताईंनी सांगितलेली ‘चांगली बाजू जास्त दाबते’ ही कल्पनाही डळमळली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना सुरुवातीपासून वर्षभर पाहिलं. सुरुवातीला ते दाबणं नेहमीसारखंच होतं, बिघाड नंतरच्या महिन्यांत दिसू लागला. म्हणजे हात परत येण्याच्या ऐन काळात ज्याला शांत करायला आपण निघालो, ते तिथे नव्हतंच. शिवाय नुकसान मोठं असेल तर चांगली बाजू मदतही करत असू शकते.

कोयनाकाठ

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे, तो धागालेखकांच्या मोजमापालाच आहे.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा एका डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, ‘हात काही येणार नाही.’ तिथे चुंबक वगैरे काही नव्हतं, नुसता अनुभवाचा अंदाज. त्या दिवसापासून घरात हाताचे व्यायाम थांबले. आई चालण्याचे तेवढे करून घ्यायची. उद्या हेच वाक्य मशीनच्या कागदावर छापून मिळालं तर कोण वाद घालेल? ७५ टक्के बरोबर म्हणजे चारात एक चूक. त्या चौथ्या माणसाच्या घरी कोण जाऊन सांगणार?

क्लिनिक आशा विकतं हे खरं. पण आशा काढून घेणारा कागद आला की गावाकडच्या घरात हाताकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. कोयनाकाठ, तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे घडलं ते मी वॉर्डात पाहतो. पण अंदाज सांगितलाच जाऊ नये, हे मला पटणार नाही. नातेवाईक पहिल्या दिवसापासून विचारतात आणि काहीतरी उत्तर दिलंच जातं. ते डॉक्टरच्या मनातलं असावं की तपासून काढलेलं, एवढाच प्रश्न आहे. ऑकलंडमध्ये हे अंदाज वापरायला लागल्यावर रुग्णांचा रुग्णालयातला मुक्काम सुमारे आठवडाभराने कमी झाला आणि हातांचा निकाल बिघडला नाही. ज्यांना आशा कमी, त्यांनाही थेरपी होती. फक्त हात आखडू नये, दुखू नये आणि दुसऱ्या हाताने बटण लावता यावं, याकडे लक्ष दिलं.

आणखी एक. ते दोन हालचालींचे गुण द्यायला विजेची जोडणीसुद्धा लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आजपासून सुरू करता येईल. टीएमएस त्यानंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांनाच लागतं.

पॅकेज घेणाऱ्यांनी हे मात्र आधी सांगाच : डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आहे का, कधी फिट आली होती का. झटक्यांमुळे फिट येणं फार विरळ आहे, पण पक्षाघाताच्या मेंदूत आधीच जखम असते. हे न विचारता खुर्चीत बसवत असतील तर उठून या.

कोयनाकाठ

दुसऱ्या हाताने बटण लावायला शिकवणारा माणूस आमच्याकडे आलाच नाही, डॉक्टर. आमच्यापर्यंत फक्त ‘येणार नाही’ पोचलं. ऑकलंडमध्ये अंदाजामागून थेरपिस्ट येतो. इथे अंदाजामागून डिस्चार्ज येतो. थेरपिस्ट आधी द्या, मग मोजा.

स्नायुबंध

हे मला खोडता येत नाही. थेरपिस्टची हमी नसेल तिथे नकारार्थी अंदाज घरच्यांच्या हातात द्यायला माझाही विरोध राहील. पण तीच मोजणी पैसे घेणाऱ्या क्लिनिकला बंधनकारक हवी. सेशन सुरू करण्यापूर्वी दोन्ही हातांची लहर काढा, विश्रांतीतला उंबरठा नोंदवा (दहापैकी पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टची लहर उमटवणारी किमान ताकद), कागद रुग्णाला द्या, संपल्यावर पुन्हा काढा.

हालचाल

याला मी सही करते, कागद रुग्णाकडेच राहावा. फक्त नुसती लहर वाढली म्हणून यश म्हणू नका, पेला उचलता येतो का तेही लिहा. आणि पहिल्या काही आठवड्यांतल्या रुग्णाला मी व्यायामाच्या आधी झटके देत राहीन, वेगळे पैसे न घेता, तारखेसह नोंद ठेवून. त्या काळातली मोठी चाचणी होऊन ‘नाही’ असं उत्तर आलं की थांबेन, त्याआधी नाही.