असनचा तिरपा रस्ता

काठमांडू पर्यटनावर वाढलं, असं म्हणतात, ते काही पटलं नाही. पर्यटक कालपरवाचे, त्याआधी कित्येक शतकं हे शहर तिबेटच्या व्यापारावर पोसलं. काठमांडू खोऱ्यातले मूळचे नेवार व्यापारी तिबेटच्या ल्हासात कोठ्या थाटून वर्षानुवर्षं राहत. खोऱ्यावर तेव्हा राज्य करणारे मल्ल राजे तर तिबेटसाठी नाणी पाडून देत. तिकडून चांदी यायची, इथून नाणी जायची, मधला नफा राजाचा. (टांकसाळीसारखा दुसरा धंदा नाही!) पुढे चांदीत भेसळ झाली, खोट्या नाण्यांचा वाद चिघळला आणि १७८८ मध्ये, मल्लांना हरवून खोरं जिंकलेल्या गोरखा राज्याच्या फौजा तिबेटात घुसल्या.

असन या काठमांडूतल्या जुन्या बाजारचौकातून हनुमान ढोक्याकडे, म्हणजे जुन्या राजवाड्याकडे तिरपा जाणारा रस्ता म्हणजे तोच जुना व्यापारी मार्ग. असनच्या अन्नपूर्णेच्या देवळात मूर्ती नाही, कलश पुजतात. भोवती मसाले, सुकी मासळी, पितळी भांडी.