मदत हवी आहे: वाड्यात पडून असलेली जुनी ट्रायम्फ. कुठलं मॉडेल, इंजिन कसं सोडवायचं, कागद कसे करायचे?

वाईकरीण

नमस्कार मंडळी. आजोबांच्या चुलत्यांची मोटरसायकल वाड्याच्या मागच्या पडवीत वर्षानुवर्षं पडून होती. यंदा पडवीचे वासे बदलायला घेतले, तेव्हा ती अंगणात काढावी लागली. टाकीवर ‘ट्रायम्फ’ एवढं पुसट वाचता येतं. घरात तिचं नाव फक्त फटफटी.

वर्णन देते, ओळखा. सिलिंडर एक, उभा, बराच मोठा. पुढच्या फोर्कला हँडलच्या खाली एकच स्प्रिंग, तीही आडवी. गिअर टाकीच्या बाजूला, हाताने टाकायचा. अॅक्सिलरेटरची मूठ फिरत नाही, त्याऐवजी हँडलवर लिव्हरच लिव्हर: उजवीकडे दोन पितळी, एकावर एक, आणि डावीकडे आणखी दोन. पुढचा ब्रेक सायकलसारखा रिमवर घासणारा. टाकीत तेलाचा वेगळा कप्पा आणि त्यावर पिचकारीसारखा हातपंप.

सगळ्यात चमत्कारिक म्हणजे मागचं चाक. त्याला स्प्रॉकेटच नाही. आऱ्यांना जोडलेली दुसरी एक मोठी रिंग आहे आणि तिला व्ही-आकाराची खाच आहे. गिअरबॉक्सच्या बाहेरही तशाच खाचेची कप्पी. इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत मात्र चेन आहे.

इथल्या एका गॅरेजवाल्यांनी पाहून सांगितलं की मागची चेन आणि स्प्रॉकेट कुणीतरी काढून नेलंय, ते नवीन बसवू. इंजिन जाम आहे, त्यात जीव घालवण्यापेक्षा दुसरं साडेतीनशेचं टाकू. बाकी सगळ्याला क्रोम. “ताई, शोरूममधून काढल्यासारखी करून देतो.” नेमक्या याच वाक्याला घाबरून मी इथे आले आहे.

मला विचारायचंय ते असं. मॉडेल आणि साल कसं ठरवायचं? किक दाबली तर हलत नाही, मग इंजिन कसं मोकळं करायचं? आरसी बुक सापडत नाही; काही सुटे कागद ट्रंकेत आहेत, त्यांचा उपयोग होईल का? आणि रंगाचं काय करायचं? घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात चकचकीत कर, मला आहे तशीच आवडते.

जाता जाता: फ्रेमला पितळेचा एक गोल डबा अडकवलाय, आत पांढरी भुकटी सुकून बसलीये. काकू म्हणते तो चुना आहे, ते चुलते पान खायचे.

मॅग्नेटो_मिरज

ताई, आधी एक काम करा, त्या गॅरेजवाल्यांना फोन करून थांबवा. मागची चेन चोरीला गेलेली नाही, ती कधी नव्हतीच. मागचं चाक पट्ट्यावर चालतं. रबर आणि कॅनव्हासचा जाड व्ही-पट्टा, टोकं धातूच्या हुकाने जोडलेली. तुमच्या वर्णनावरून ही मॉडेल एच दिसते: १९१५ मध्ये आलेली, साडेपाचशे सीसी, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा बॉक्स. पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्याला अशा सुमारे ३०,००० गाड्या पुरवल्या गेल्या आणि भरवशाची म्हणून तिला ‘ट्रस्टी’ नाव पडलं. १९२० च्या सुमारास आलेल्या मॉडेल एसडीला मागेही चेन आहे, त्यामुळे पट्ट्याची कप्पी ही तुमच्यासाठी मोठी खूण. सिलिंडर निघाल्यावर बोअर, म्हणजे त्याचा आतला व्यास, मोजा, ८५ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ९७.

गंमत म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या या लाडक्या गाडीचा कारखाना काढणारा सिगफ्रीड बेटमान मूळचा न्यूरेंबर्गचा जर्मन. कॉव्हेंट्रीचा महापौर होता १९१३-१४ ला, आणि तेवढ्यात जर्मनीशीच युद्ध पेटलं.

उजवीकडची दोन लिव्हरं कार्बोरेटरची: एक पेट्रोलच्या मिश्रणाचं, एक हवेचं. डावीकडचं एक स्पार्क पुढे-मागे, म्हणजे ठिणगी लवकर किंवा उशिरा, करायचं असणार, दुसरं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलायचं किंवा क्लचचं. केबल कुठे जाते ते बोटाने माग काढत बघा. स्पार्क पुढे ठेवून किक मारली तर ती उलटी येते आणि घोटा जातो. हे आत्ताच लक्षात ठेवा.

आणि काकू बरोबर आहेत! तो डबा गॅसच्या दिव्याचा. आत कार्बाइडचे खडे, वरच्या कप्प्यातून पाण्याचा थेंब थेंब; त्यातून अॅसिटिलीन निघून रबरी नळीने दिव्यात जायचा. मागे उरतो तो चुनाच. पानाला मात्र लावू नका.

वाईकरीण

काकूला वाचून दाखवलं, ती आता कॉलर ताठ करून फिरतेय. पट्टा पावसात घसरत नाही का? पसरणीचा घाट या गाडीने चढल्याच्या कहाण्या घरात आहेत.

मॅग्नेटो_मिरज

घसरतो की. म्हणून तर पट्टा मागे पडला आणि चेन आली. उन्हाळ्यात घाट चढली असेल, आषाढात चढली असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता इंजिन. किकवर उभं राहू नका आणि पिस्टनवर हातोडा तर मुळीच नको. या इंजिनला वेगळं हेड नाही, सिलिंडर आणि हेड एकाच ओतीवाचं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर दोन मोठी पितळी झाकणं आटे देऊन बसवलेली असतात. ती आणि प्लग काढून आत डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) अर्धं-अर्धं ओता. वरून झाकून ठेवा, दर दोन-चार दिवसांनी भर घाला. मग गाडी गिअरमध्ये टाकून गिअरबॉक्सबाहेरची कप्पी हाताने पुढे-मागे हलकेच डोलवा; पट्टा नसताना मागचं चाक फिरवून इंजिन हलणार नाही. केसभर हललं तरी अर्धी लढाई जिंकलात. सिलिंडर उचलायची वेळ आली तर फिन्सखाली (सिलिंडरभोवतीच्या पातळ पट्ट्यांखाली) स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. जुनं बीड आहे, पापडासारखं तुटतं.

मिलिमीटरचे पाने लावू नका, नटांची डोकी गोल होतील. व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, पाने लागतील, जुन्या बाजारात मिळतात.

आरटीओचा_रस्ता

कागदांचं मी सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, असा निकष. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे ते ‘साडेतीनशेचं इंजिन’ बसवलंत तर दार बंदच. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा ५,०००. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधी नोंद झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणून जुन्या पाटीवर रंग मारू नका, घासूसुद्धा नका. अशी गाडी रोज दूध आणायला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर.

तुमची खरी अडचण आरसी. ट्रंकेतला प्रत्येक चिटोरा जपा: कर भरल्याची पावती, विमा, लायसन, काहीही, ज्यावर नंबर आणि चुलत्यांचं नाव एकत्र आहे. त्या नंबरवरून आधी आरटीओत जुनी नोंद मिळते का ते विचारा. सोबत वारसांचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. सालाचा पुरावा म्हणून इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडून इंजिन आणि फ्रेम नंबरवरून दाखला मागवता येतो. नंबर खरवडून वाचू नका. केरोसीनचा बोळा फिरवा, कागद ठेवून पेन्सिल घासा, उठून दिसेल.

निकेल_की_क्रोम

रंगाबाबत मी तुमच्या बाजूचा. त्या काळी मुलामा निकेलचा असे, क्रोम १९२० च्या दशकाच्या शेवटी आलं. मॉडेल एचला क्रोम मारणं म्हणजे खोटे दात बसवणं. निकेल किंचित पिवळसर दिसतं, ते मळलेलं नाही, त्याचा रंगच तसा. बाबांना पटवायचं असेल तर एक कोपरा मऊ कापडाने आणि पातळ तेलाने पुसून दाखवा, खालून काय निघतं ते बघून बहुतेक लोक स्वतःच थांबतात. नव्याने रंगवायला कधीही येतं, मूळ रंग एकदाच असतो.

टाकी गळत असली तर गॅस वेल्डिंग करू नका. ती डाग देऊन जोडलेली असते, उष्णतेने सगळे जोड सुटतील. डाग देणारा जुना कारागीर शोधा.

वाईकरीण

सगळ्यांचे आभार. गॅरेजला नको म्हणून कळवलं. डिझेल-एटीएफ आज ओतलंय. ट्रंकेत एक विम्याचा कागद निघाला, त्यावर नंबर आहे पण नाव त्या चुलत्यांच्या मोठ्या मुलाचं. तो चालेल का? आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं या गाडीला काही वावडं?

आरटीओचा_रस्ता

चालू शकेल. नाव बदललंय म्हणजे मधे कधीतरी गाडी त्यांच्या नावावर झाली असावी, तशी नोंद आरटीओत सापडली तर तुमचं काम उलट सोपं होईल. ते हयात नसतील तर प्रतिज्ञापत्रात त्यांचे वारस घ्या.

मॅग्नेटो_मिरज

इथेनॉलचं वावडं आहे. तोटीतलं कॉर्क आणि लाखेचा लेप दोन्ही त्याने खराब होतात. गाडी चालू झाली तर फेरी संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवायची. पण आधी इंजिन हलू द्या.