'प्रोफेशनल'ला मराठीत काय म्हणाल? 'व्यावसायिक'ने माझा घात केला

टाचण
एका अनुवादात अडकले आहे. एका गृहस्थांनी आपल्या आईची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला आभाराचं पत्र लिहिलं होतं, इंग्रजीत. तिला ते मराठीत द्यायचं म्हणून माझ्याकडे आलं. २६ रात्री तिने अतिशय 'प्रोफेशनल'पणे काळजी घेतली, असं त्यात एक वाक्य होतं. मी लिहिलं, 'आपण अत्यंत व्यावसायिक वृत्तीने आईची काळजी घेतलीत.' कोशात पहिला प्रतिशब्द तोच मिळतो, मलाही वावगं काही वाटलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन. पत्र वाचून ती बाई गप्प झाली आणि मग म्हणाली, "पगार घेत होते हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठीच केलं असं वाटलं का तुम्हाला?"

फार लागलं मला ते. पत्र बदलून द्यायचं आहे. 'धंदेवाईक' तर लिहवतच नाही. 'पेशेवर' हिंदी वाटतो, 'कर्तव्यदक्ष' मानपत्रातला. काय लिहू?

जुनीवही
शब्द तुमचा बरोबर आहे. आपणच त्याला खाली आणून बसवलं. व्यवसाय म्हणजे वि + अव + सो. अध्यवसाय, अवसान ही त्याच घरातली भावंडं. मूळ अर्थ ठाम निश्चय, हाती घेतलेलं तडीला नेण्याची बुद्धी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली 'व्यवसायात्मिका बुद्धिः' आठवा, दहाव्यातलं 'जयोऽस्मि व्यवसायोऽस्मि' आठवा. तिथे पैशाचा वासही नाही. २६ रात्री जागणाऱ्या बाईला याहून मोठा शब्द कुठला देणार? तोच ठेवा आणि खाली अर्थ लिहा.

रेघोटी
आभाराच्या पत्राला तळटीप? शब्द वाचणाऱ्याच्या कानात जसा वाजतो तसाच त्याचा अर्थ. 'व्यावसायिक' आज रोज कुठे भेटतो ते बघा. व्यावसायिक गाळा, व्यावसायिक वीजदर, व्यावसायिक सिलिंडर. सगळीकडे तो 'घरगुती'च्या विरुद्ध उभा असतो. घरच्या माणसासारखी काळजी घेणाऱ्या बाईला तुम्ही नकळत 'हे घरचं नव्हतं' असं लिहून दिलंत. तिला बरोबर समजलं. व्युत्पत्ती सांगून तिचं वाईट वाटणं चूक ठरवू नका.

अवग्रह
'पेशा' सोडू नका. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १९ मध्ये नागरिकाला कोणताही पेशा आचरण्याचा आणि व्यवसाय, व्यापार किंवा धंदा चालवण्याचा हक्क आहे. क्रियापदं बघा: पेशा 'आचरायचा', धंदा 'चालवायचा'. भाषांतर करणाऱ्याने नेमका फरक पकडला आहे. उलट महाराष्ट्राचा १९७५ चा कर घ्या. तिथे 'प्रोफेशन' या त्याच इंग्रजी शब्दाला 'व्यवसाय' म्हटलं आणि पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला 'व्यवसाय कर' छापून यायला लागला. ज्या शब्दासमोर दर महिन्याला कपातीचा आकडा दिसतो तो पैशाला चिकटणारच.

पेशा हा 'पेश' म्हणजे पुढे, यावरूनच आला असणार. पेशवा म्हणजे पुढे असणारा, तसा पेशा म्हणजे माणूस जे घेऊन जगापुढे उभा राहतो ते.

जुनीवही
पेशवाचं ठीक. पेशाबद्दल नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर जाऊ नका. आणि अनुवाद मराठीत करायचा तर फारसीच्या दारात कशाला जायचं?

रेघोटी
फारसीचं दार बंद केलं तर तुमच्या मराठीतून हवा, जमीन, बाजार, वकील, अर्ज सगळंच जाईल. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यातले किती शब्द आपण बोलतो आणि त्यांनी हटवायचे ठरवलेले फारसी किती बोलतो, मोजून बघा.

जुनीवही
आणि सावरकरांचे महापौर, दिनांक? ते रुजलेच ना? कुणीतरी हट्टाने वापरत राहिलं म्हणून रुजले. लोक बोलतात तेच खरं म्हणून हात झटकले असते तर आज हे शब्दच नसते.

खडूफळा
या वादात मूळ दुखणं बाजूला पडतंय. कामाचा पैशाशी संबंध दाखवणारा शब्द आपल्याकडे हळूहळू घसरतोच, मग तो संस्कृत असो की फारसी-अरबी. 'कसब' मुळात अरबी, कमावणं. त्यातून 'कसबी कारागीर' हा गौरव आला आणि 'कसबीण' ही शिवीही आली. 'धंदा करते' हे बाईबद्दल म्हटलं की काय अर्थ होतो ते सांगायला नको. नाटकात 'धंदेवाईक रंगभूमी' हे एके काळी साधं वर्णन होतं, आता कुणी तसं म्हटलं तर नाटकवाल्यांना टोचतं, म्हणून तिथे 'व्यावसायिक' आला. आता तोही घसरतोय. उद्या 'पेशा' आणलात तर परवा त्याचंही हेच होईल. शब्द बदलून भागणार नाही. मोबदला घेऊन केलेलं काम मनापासूनचं नसतं, ही समजूत बदलायला हवी.

आणि हे फक्त मराठीत नाही. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये १९६२ पर्यंत हौशी खेळाडू 'जंटलमेन' आणि पैसे घेणारे 'प्लेयर्स' अशी अधिकृत विभागणी होती. धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाआधी छापत, व्यावसायिकाची आडनावानंतर. मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी असत. म्हणजे ज्या इंग्रजी शब्दाचा आपण एवढा मान ठेवतो, तो तिथेही मागच्या दाराने आला आहे.

अवग्रह
ऑलिंपिकचंही तेच. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ मध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली, का, तर तो आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. मात्र मुळात 'प्रोफेशन'चा अर्थ जाहीर कबुली. मठात शिरताना घेतलेल्या व्रताला तो शब्द होता. व्रत, मग विद्या, मग पोट, असा तो उतरत आला.

खडूफळा
'हौशी'चा प्रवास उलटा बघा. मूळ अरबी 'हवस', म्हणजे वासना. आपल्याकडे येऊन किती गोड झाला.

शब्दसखी
मी इथे फारसं लिहीत नाही, पण राहवलं नाही. छपाईच्या कामात माझी सुरुवात एका ज्येष्ठ मुद्रितशोधक बाईंच्या हाताखाली झाली. पहिल्याच आठवड्यात मी एका लेखकाचं वाक्य मला खटकलं म्हणून शाईने सुधारलं. त्यांनी काही न बोलता त्यांची प्रूफं माझ्यासमोर ठेवली. शुद्धलेखनाची चूक होती तिथे शाई. वाक्याबद्दल शंका होती तिथे समासात पेन्सिलीने छोटंसं प्रश्नचिन्ह आणि पान क्रमांक, कारण तोच तपशील आधीच्या पानावर वेगळा आला होता. "चूक आपली, शंका त्याची," एवढंच म्हणाल्या. आपला अधिकार कुठे संपतो हे त्यांच्या पेन्सिलीला ठाऊक होतं. त्यांच्या घरी आजारपण होतं तेव्हाही ती प्रश्नचिन्हं तेवढीच बारीक आणि तेवढ्याच ठिकाणी असत.

त्यांच्याबद्दल आम्ही म्हणायचो, 'बाईंचं काम चोख.' मला वाटतं 'चोख'मध्ये सगळं आलं.

टाचण
शब्दसखी, वाचून भरून आलं. पण 'चोख' हिशेबाला, बंदोबस्ताला शोभतो. उत्तरसुद्धा चोख असतं. आजारी माणसाच्या काळजीला तो कोरडा पडतो. 'नेटकी' म्हटलं तर पोळपाट-लाटणं पुसून ठेवल्यासारखं वाटतं.

रेघोटी
उलट बाजूने या. नीट काम न करण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत! पाट्या टाकणं, उरकणं, वेळ मारून नेणं, अंगचोरपणा, चालढकल, थातूरमातूर. नीट करण्याला मात्र आपण 'मनापासून' म्हणून मोकळे होतो. आणि इथेच माझी अडचण आहे. मन लागो न लागो, काम तेवढंच चांगलं व्हायला हवं. मन नसतानाही जे टिकतं त्यालाच तर आपण शब्द शोधतोय.

खडूफळा
त्याला 'वळण' म्हणतात. हाताला वळण, कामाचं वळण. ते जन्मजात नसतं, लावून घ्यावं लागतं, म्हणून मला हा शब्द 'गुण'पेक्षा बरा वाटतो. शब्दसखींच्या बाईंनी त्यांना तेच लावलं.

शब्दसखी
वळण मला नको. ते आम्हा मुलींना लहानपणापासून ऐकवलेलं आहे, 'हिला काही वळण नाही.' कामातली उंची सांगायला तो शब्द माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

जुनीवही
मग 'वृत्ती' घ्या. एकाच शब्दात उपजीविका आणि मनाची ठेवण दोन्ही आहेत. शिष्यवृत्तीत पोट, मनोवृत्तीत मन. मूळ इंग्रजीतलं 'प्रोफेशनल ॲटिट्यूड' दोन शब्दांत जे सांगतं ते आपण एका शब्दात सांगू शकतो. 'वृत्तिनिष्ठा'.

अवग्रह
कल्पना सुंदर आहे, पण 'वृत्तिनिष्ठ परिचारिका' त्या बाईला समजेल का? आणि 'व्यावसायिक'वर एवढी शुद्धता लावायची तर पाणिनीच्या नियमाने व्याकरणाचा जसा वैयाकरण, न्यायाचा नैयायिक, तसा व्यवसायाचा 'वैयवसायिक' व्हायला हवा. 'व्यवहार' अपवादांच्या गणात आहे म्हणून 'व्यावहारिक' चालतो. 'व्यावसायिक' त्याच्याच वळणावर गेलाय. म्हणजे वापराने नियम वाकवलाच.

टाचण
काल त्या गृहस्थांना पुन्हा फोन केला. ती बाई नेमकं काय करायची ते विचारलं. ते म्हणाले, आई शेवटचे आठ-दहा दिवस डोळेही उघडत नव्हती. तरी दर दोन तासांनी कूस बदलण्याआधी ती कानाशी वाकून सांगायची, "आजी, आता डावीकडे वळवते हं." औषध देण्याआधी बाटलीवरचं नाव हलकेच मोठ्याने वाचायची, आणि वहीत वेळ लिहायची ती औषध दिल्यानंतरच, आधी कधीही नाही. पहाटे चारलाही.

मी विशेषण काढून टाकलं आणि हेच लिहिलं.

जुनीवही
पत्रापुरतं छान. पण हा अनुवाद नव्हे. लेखकाने शब्द वापरला होता, तुम्ही प्रसंग लिहिलात. उद्या नियमावलीत हाच शब्द येईल तेव्हा कुणाची कूस आणि कुणाची वही आणणार?

रेघोटी
नियमावलीत 'व्यावसायिक आचारसंहिता' आधीच आहे आणि ती वाचून कुणी दुखावलेलं नाही. प्रश्न माणसाबद्दल लिहिताना येतो.

जुनीवही
म्हणजे नियमाला एक मराठी आणि माणसाला दुसरी. हेच मला पटत नाही.

अवग्रह
बाकी ते 'वृत्तिनिष्ठा' लिहिताना 'ति' ऱ्हस्वच ना? एका मसुद्यात मला दीर्घ दिसला होता.

खडूफळा
समासात तत्सम शब्द मूळ ऱ्हस्वच राहतो. सुटा लिहिला की 'वृत्ती'.